चाकणला कोण विचारतो?

(पिंपरी-चिंचवडमधील एका स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा लिखित पाठ)



१५ जून २०२०. टाळेबंदीतून राज्य नुकते कुठे डोके वर काढत होते. त्या दिवशी महाराष्ट्र सरकारने ‘मॅग्नेटिक महाराष्ट्र’च्या दुसऱ्या पर्वात बारा कंपन्यांशी सामंजस्य करार केले. त्यांत चीनची ग्रेट वॉल मोटर्स होती. जनरल मोटर्सचा तळेगावचा कारखाना ती घेणार होती आणि ३,७७० कोटी रुपये गुंतवणार होती. त्याच रात्री लडाखमधल्या गलवान खोऱ्यात भारतीय आणि चिनी सैनिकांची झटापट झाली, २० भारतीय जवान शहीद झाले. आठवडा उलटतो न उलटतो तोच चिनी कंपन्यांचे करार राज्याने थांबवून ठेवले.

पुढचे तळेगावकरांना तोंडपाठ आहे. सीमेला लागून असलेल्या देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीला केंद्राची आगाऊ मंजुरी लागेल, असा नियम एप्रिल २०२० मध्येच झाला होता. ती मंजुरी आलीच नाही. डिसेंबर २०२० मध्ये कारखान्याचे उत्पादन थांबले. २०२१ मध्ये सुमारे चौदाशे कामगारांच्या हाती ले-ऑफच्या नोटिसा पडल्या. जून २०२२ अखेर दोन्ही कंपन्यांमधला व्यवहाराचा करार मुदत संपून मोडला. २०२३ मध्ये ह्युंदाईने कारखाना घ्यायचे ठरवले. ‘नव्या मालकाने आम्हाला सामावून घ्यावे’ ही कामगारांची मागणी मात्र रस्त्यावर आणि न्यायालयात फिरत राहिली.

गलवाननंतर दिल्लीने काय करायला हवे होते, हा या व्याख्यानाचा विषय नाही. देशाच्या सीमेपुढे कारखाना मोठा, असे तळेगावातला कामगारही म्हणणार नाही. पण जनरल मोटर्सचे डेट्रॉईट, ग्रेट वॉलचे बाओडिंग, दिल्ली आणि मुंबई या चार ठिकाणी अडीच वर्षे जी बोलणी चालली, त्यांत चौदाशे घरांचे बरेवाईट ठरत होते आणि त्या घरांना विचारायची जागा कुठेच नव्हती. विचारले गेले ते नोकरी गेल्यावर, कामगार आयुक्तांच्या कार्यालयात. आंतरराष्ट्रीय सहकार्याच्या भवितव्याची चर्चा हल्ली पुष्कळ होते. पिंपरी-चिंचवड-चाकण-तळेगावच्या या पट्ट्यात त्या सहकार्याचे बरेवाईट परिणाम रोज पहिल्या शिफ्टच्या बसबरोबर येतात. म्हणून ही चर्चा इथल्या माणसाला धरून व्हायला हवी, एवढाच आजचा मुद्दा आहे.

मुळात पिंपरी-चिंचवड हे शहर उभे राहिले तेच अशा सहकार्यातून. पुणे-मुंबई रस्त्यालगत पिंपरीला पहिली मोठी चिमणी दिसली ती हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची. १९५४ साली ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि पुढच्या वर्षी तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. यंत्रसामग्रीचा मोठा भाग युनिसेफने दिला, तांत्रिक साहाय्य जागतिक आरोग्य संघटनेने. त्या मदतीला अटी होत्या. कारखाना सार्वजनिक मालकीचा राहावा, तंत्र लपवून ठेवू नये, इतर देशांच्या तंत्रज्ञांनाही इथे शिकता यावे. आजच्या लसींच्या आणि पेटंटच्या भांडणांच्या पार्श्वभूमीवर त्या अटी वाचल्या की चकित व्हायला होते. पुढे याच कारखान्याच्या प्रयोगशाळेत एम. जे. थिरुमलाचार यांच्या चमूने बुरशीवरचे औषध ‘हामायसिन’ शोधले. इंग्रजी नावातली पहिली दोन अक्षरे कंपनीची आहेत, हे कॉलनीत वाढलेली मंडळी अजून अभिमानाने सांगतात.

तेव्हाही पिंपरी गावाला कुणी विचारले नव्हते, हे खरेच. मात्र एक फरक होता. मदत देणारा, घेणारा आणि औषध वापरणारा यांच्यात कोण कुणाचे देणे लागतो, हे कागदावर लिहिलेले होते. १९६०च्या दशकात बजाज आली, टेल्को आली, १९६२ साली स्थापन झालेल्या एमआयडीसीने भोसरी-चिंचवडला प्लॉट पाडले, १९७० मध्ये नगरपालिका आणि १९८२ मध्ये महापालिका झाली. २००८-०९ च्या सुमारास चाकण-तळेगावला जनरल मोटर्स, फोक्सवॅगन, मर्सिडीज आल्या. प्रत्येक टप्प्यावर परदेशाशी नाते वाढले. त्या नात्यात इथल्या माणसाने बोलायची जागा मात्र तेवढी वाढली नाही.

अशी जागा कधी कुणाला मिळालीच नव्हती, असे नाही. इथे एका मराठी माणसाची आठवण काढणे भाग आहे. नारायण मल्हार जोशी यांचा जन्म १८७९ चा, कुलाबा जिल्ह्यातल्या गोरेगावचा. गोखल्यांच्या भारत सेवक समाजाचे ते सदस्य. ऑक्टोबर १९१९ मध्ये वॉशिंग्टनला पहिली आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली. सरकार, मालक आणि कामगार अशा तीन बाजूंनी प्रत्येक देशाने यायचे आणि कामगार प्रतिनिधीने सरकारपेक्षा वेगळे मत द्यायलाही मोकळे असायचे, अशी त्या परिषदेची घडण होती. हिंदुस्थान तेव्हा पारतंत्र्यात होता, पण त्याच्या वतीने कामगारांचे प्रतिनिधी म्हणून ना. म. जोशी तिथे बसले.

अर्थात त्यांना निवडले होते ब्रिटिश सरकारने. त्यावर इथे कुरकुर झाली आणि तिच्यातून जे घडले ते फार महत्त्वाचे आहे. परिषदेचा नियम असा की, कामगार प्रतिनिधी देशातल्या प्रातिनिधिक कामगार संघटनेशी सल्लामसलत करून नेमावा. अशी अखिल भारतीय संघटनाच नव्हती. मग ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईत आयटकचे पहिले अधिवेशन भरले, लाला लजपतराय अध्यक्ष झाले. देशातली पहिली मध्यवर्ती कामगार संघटना जन्मायला जी कारणे घडली, त्यांत पुढे जिनिव्हाला भरू लागलेल्या त्या परिषदेतली एक रिकामी खुर्चीही होती. खुर्ची ठेवली तर तिच्यावर बसायला माणसे संघटित होतात. आधी संघटित व्हा, मग खुर्चीचे बघू, असे उलटे सांगणाऱ्यांनी हा इतिहास जरूर वाचावा.

त्या वॉशिंग्टन परिषदेने कारखान्यांत आठ तासांचा दिवस आणि ४८ तासांचा आठवडा मान्य केला. हिंदुस्थानसाठी मात्र वेगळे कलम घातले, आठवड्याला ६० तास. ते १९२२ च्या कायद्यात उतरले. साठ तास आज ऐकायला वाईट वाटतात, पण तेव्हाच्या गिरण्यांतली पाळी त्याहून लांब असे. शंभर वर्षांनंतर चाकणच्या एखाद्या व्हेंडरकडे कंत्राटी हेल्पर बारा तासांची पाळी करतो आणि ओव्हरटाइम मिळाला म्हणून खूशही असतो. त्याच्या आठवड्याची बेरीज ६० तासांच्या पुढे जाते, हे सांगायला गणिताची गरज नाही.

तीन बाजूंची ती व्यवस्था भारताने स्वातंत्र्यानंतर सोडली नाही. आंतरराष्ट्रीय कामगार मानकांबाबत सरकारने कामगार आणि मालक संघटनांशी नियमित सल्लामसलत करावी, असे सांगणारा १४४ क्रमांकाचा करार भारताने १९७८ मध्ये स्वीकारला. देशांतर्गत पातळीवर भारतीय श्रम परिषद होती. तिची ४६ वी बैठक जुलै २०१५ मध्ये झाली आणि त्यानंतर दहा वर्षे उलटली तरी पुढची भरली नाही. मधल्या काळात चार श्रम संहिता झाल्या. खुर्ची मोडली नाही, नुसती भिंतीला टेकवून ठेवली.

शिवाय ज्यांच्यासाठी ती खुर्ची आहे, ते कामगार या पट्ट्यात किती उरले? कायम कामगारांची युनियन असते, तिचे त्रैवार्षिक करार होतात, फ्लेक्स लागतात. त्याच लाइनवर शेजारी उभा असलेला ट्रेनी किंवा कंत्राटी कामगार सहसा त्या करारात नसतो. तो लातूर-नांदेड-यवतमाळचा असतो, बिहार-ओडिशाचा असतो, महाळुंगे, निघोजे, खराबवाडीला एका खोलीत चार-पाच जणांबरोबर राहतो. सात-आठ महिन्यांनी ब्रेक मिळाला की दुसऱ्या गेटवर जातो. जिनिव्हाचे सोडा, त्याच्या मतदार यादीतले नावही बहुधा गावाकडेच असते.

आता मालकाची बाजू. तीही या पट्ट्यात फार श्रीमंत नाही.

भोसरीच्या एखाद्या गाळ्यात नट-बोल्ट, स्क्रू, वॉशर बनवणाऱ्या लघुउद्योजकाला गेल्या दोन-तीन वर्षांत एक नवा शब्द शिकावा लागला, सीबॅम. युरोपीय संघात बाहेरून येणारे लोखंड-पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खते, वीज आणि हायड्रोजन बनवताना किती कार्बन हवेत गेला, त्यावर आकारणी करणारी ही व्यवस्था आहे. ऑक्टोबर २०२३ पासून आयातदारांना माहिती देणे सक्तीचे झाले आणि १ जानेवारी २०२६ पासून तिचा खरा अंमल सुरू झाला. यादीत पोलादाच्या पत्र्यांबरोबर स्क्रू-बोल्टही आहेत. कायद्याने जबाबदारी आयातदाराची. तो ती ई-मेलने पुरवठादाराकडे ढकलतो. मग ज्या गाळ्यात वीजबिल आणि जीएसटी सांभाळायला एकच अकाउंटंट, तोही अर्धवेळ, तिथे एका किलो बोल्टमागे किती कार्बन याचा तक्ता मागितला जातो.

युरोपने मनमानी केली, असे म्हणणे सोपे आहे, पण पूर्ण खरे नाही. युरोपीय आयोगाने २०२० च्या जुलै ते ऑक्टोबर या काळात या विषयावर खुली मते मागवली होती. उत्तर कुणीही देऊ शकत होते, युरोपबाहेरचे नागरिकही. उत्तरे आली सहाशेच्या घरात. ती विचारणा २२ जुलैला सुरू झाली तेव्हा पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये दहा दिवसांची कडक टाळेबंदी चालू होती. परप्रांतीय कामगार गावी गेले होते, गाळ्यांची शटर अर्धी उघडी होती. अशा वेळी ब्रसेल्सच्या प्रश्नावलीकडे भोसरीतून कोण बघणार? पुढे २०२५ मध्ये नियम सैल केले गेले आणि वर्षाला ५० टनांपर्यंत माल आणणाऱ्या आयातदारांना सूट मिळाली. ओझे हलके करायचे होते ते मुख्यतः युरोपातल्या छोट्या व्यापाऱ्यांचे. त्यांचे रडगाणे पोचायला अंतर कमी होते.

दार उघडे ठेवले की लोक येतात, असा एक भाबडा समज या सगळ्याच्या तळाशी आहे. संयुक्त राष्ट्रांनाही तो चिकटला आहे. पंचाहत्तरीनिमित्त जानेवारी २०२० मध्ये सरचिटणीस अंतोनियो गुटेरेस यांनी जगभर ‘संवाद’ सुरू केला. १९५ देशांतल्या पंधरा लाखांहून अधिक लोकांनी प्रश्नावलीतून आणि चर्चांतून त्यात भाग घेतला, आणि प्रश्नावली भरणाऱ्यांपैकी ८७ टक्के लोक म्हणाले की आजच्या आव्हानांसाठी आंतरराष्ट्रीय सहकार्य अत्यावश्यक आहे. तातडीची गरज कोणती, याला आलेले उत्तर कुठल्याही चाळीत मिळाले असते: दवाखाना, स्वच्छ पाणी, शौचालय, शाळा. या मोहिमेतून पुढे अहवाल निघाले आणि सप्टेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कला ‘भविष्यासाठीचा करार’ संमत झाला. पंधरा लाख हा आकडा मोठा दिसतो खरा. जगाची लोकसंख्या आठ अब्ज धरली तर पाच हजारांत एक माणूसही होत नाही. आणि एक मिनिटात भरायच्या प्रश्नावलीत तळेगावचा कामगार आपली गोष्ट कुठल्या चौकटीत लिहिणार होता?

जी-२० चे अध्यक्षपद भारताकडे आले तेव्हा तर चर्चा दारातच आली होती. १६ आणि १७ जानेवारी २०२३ रोजी पायाभूत सुविधा कार्यगटाची बैठक पुण्यात झाली. विषय होता उद्याच्या शहरांना पैसा कसा उभारायचा, आणि तोही ‘सर्वसमावेशक’ शहरांना. रस्ते रंगले, दुभाजकांवर कुंड्या आल्या, भिंतींवर चित्रे आली. शेजारच्या पिंपरी-चिंचवडमध्ये तेव्हा निवडून आलेले सभागृहच नव्हते. मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यापासून जवळपास चार वर्षे महापालिका प्रशासकाच्या हाती होती. ज्या शहराला वॉर्डातल्या गटाराबद्दल विचारायला नगरसेवक नव्हता, त्याच्या वेशीवर ‘सर्वसमावेशक’ शहरांच्या अर्थकारणावर जगाचे तज्ज्ञ बोलत होते. यात विनोद शोधायची गरज नाही, तो आपोआप दिसतो.

न विचारलेले लोक कधी कधी स्वतःच विचारतात. चाकणजवळच्या शिंदे-वासुलीचे उदाहरण या पट्ट्यात अजून निघते. डाऊ केमिकल्सच्या संशोधन केंद्रासाठी तिथली सुमारे शंभर एकर जागा देण्यात आली होती. युनियन कार्बाइड २००१ मध्ये डाऊने विकत घेतली होती, त्यामुळे भोपाळ हा शब्द गावात पोचायला वेळ लागला नाही. २००८ मध्ये ग्रामस्थांनी रस्ता अडवला, बंडातात्या कराडकर यांच्या नेतृत्वाखाली वारकरी उतरले. इंद्रायणीकाठच्या देहू-आळंदीशी या मुलखाचे नाते काय आहे, हे डाऊच्या सल्लागारांना बहुधा कुणी सांगितले नसावे. त्या जुलैत प्रकल्पाच्या जागेवर जाळपोळही झाली. तिचे समर्थन करता येणार नाही. अखेर कंपनीने तो प्रकल्प सोडला.

बारकाईने पाहिले तर गावकऱ्यांचे प्रश्न अडाणी नव्हते. प्रयोगशाळेत काय बनणार, सांडपाणी कुठे जाणार, भोपाळची जबाबदारी कोणाची, ग्रामसभेला का विचारले नाही. एका देशात घडलेल्या अपघाताची जबाबदारी, ती कंपनी दुसऱ्या देशातल्या कंपनीने विकत घेतल्यावर, कुठे जाते, हा आंतरराष्ट्रीय कायद्यातला अवघड प्रश्न आहे आणि तो खेड तालुक्यातल्या पारावर विचारला गेला. उत्तर द्यायला बसलेला कुणी नव्हता, म्हणून तो आधी रस्त्यावर आणि मग आगीत गेला.

‘सामान्य माणसाला यातले काय कळते?’ हा आक्षेप सुशिक्षित घरांत फार ऐकू येतो. चाकणमध्ये तरी तो टिकू नये. इथल्या मोठ्या कारखान्यांत सजेशन स्कीम असते, कायझेन असते. मशिनवर उभ्या असलेल्या आयटीआय झालेल्या मुलाला व्यवस्थापन लेखी सूचना विचारते, ती स्वीकारली की नाही ते फलकावर लावते आणि चांगल्या सूचनेला बक्षीस देते. सद्भावनेने नव्हे, तर रिजेक्शन कुठे होते हे त्याला कळते म्हणून. जपानी पद्धतीने त्याचे मत विकत घेण्याइतके मोलाचे ठरते आणि जर्मन-जपानी-कोरियन व्यापाराचे नियम ठरवताना ते एकाएकी कवडीमोल होते, याला तर्क म्हणत नाहीत.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. वाटाघाटी गुप्त ठेवाव्या लागतात, आपले पत्ते आधी दाखवून चालत नाही. मान्य. पण भारत-ब्रिटन मुक्त व्यापार कराराची गोष्ट पाहावी. २४ जुलै २०२५ रोजी त्यावर सह्या झाल्या. ब्रिटिश गाड्यांवरचे शंभर टक्क्यांवरचे आयातशुल्क ठरावीक संख्येपुरते टप्प्याटप्प्याने दहा टक्क्यांवर येणार आहे. म्हणजे चाकणशी त्याचा थेट संबंध. वाटाघाटी सुरू होण्याआधी, मे ते ऑगस्ट २०२१ मध्ये, ब्रिटिश सरकारने चौदा आठवडे आपल्या नागरिकांकडून आणि उद्योगांकडून याच करारावर मते मागवली होती. त्याने ब्रिटनचे पत्ते उघडे पडले नाहीत. आपल्याकडे वाणिज्य मंत्रालय उद्योग संघटनांशी बोलते, आणि करार करायला संसदेची संमती घटनेने बंधनकारक केलेली नाही. मोठ्या उद्योगांच्या संघटनेचा माणूस दिल्लीत असतो. भोसरीच्या गाळेवाल्याचा नसतो, गाळ्यातल्या हेल्परचा तर नाहीच.

मग करायचे काय? प्रस्तुत वक्त्याकडे जगाची घटना नव्याने लिहायचा आराखडा नाही. जे करून पाहिले गेले आहे, त्यातून काही उचलता येईल. २०२१ च्या ग्लासगो हवामान परिषदेआधी ‘ग्लोबल असेंब्ली’ नावाचा प्रयोग झाला. लोकसंख्येच्या घनतेचा नकाशा घेऊन चिठ्ठ्या टाकून जगातले शंभर बिंदू काढले. त्या त्या ठिकाणच्या संस्थांनी माणसे शोधली, आणि लोकसंख्येच्या हिशेबाने भारत व चीन यांचे सदस्य सर्वाधिक आले. दुभाषे दिले, आठवडेच्या आठवडे चर्चा झाली आणि त्यांचे निवेदन ग्लासगोला मांडले गेले. दोष होताच. राष्ट्रांवर त्या निवेदनाला उत्तर देण्याचे कसलेही बंधन नव्हते, त्यामुळे ते टाळ्यांत विरले. निवडीची पद्धत तिथून घ्यावी आणि उत्तराचे बंधन ना. म. जोशींच्या परिषदेकडून.

उत्तराचे बंधन घालता येते, याचा पुरावा शहरातून रोज धावतो. पिंपरी ते फुगेवाडी मार्च २०२२ मध्ये सुरू झालेल्या पुणे मेट्रोला युरोपीय गुंतवणूक बँकेचे ६० कोटी युरोंचे कर्ज आहे, फ्रेंच विकास संस्थेचेही आहे. या युरोपीय बँकेची तक्रार यंत्रणा लक्झेंबर्गला आहे आणि तिच्या पैशातून झालेल्या प्रकल्पाबद्दल कोणताही नागरिक तिथे तक्रार करू शकतो, तिला लेखी उत्तर द्यावे लागते. पिंपरीच्या किती प्रवाशांना हे ठाऊक असेल? महापालिकेने आणि महामेट्रोने हे मराठीत फलकावर लिहायला एका दुपारपेक्षा जास्त वेळ लागू नये.

तातडीचा एक विषय तर समोरच आहे. ॲपवरून काम करणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय मानक कसे असावे, यावर जिनिव्हाच्या परिषदेत जून २०२५ मध्ये पहिली चर्चा झाली आणि दुसरी २०२६ साठी राखली गेली. त्याआधी सर्व सरकारांकडे प्रश्नावली गेली होती, आणि प्रातिनिधिक संघटनांना विचारून उत्तरे द्यावीत असे त्यात अपेक्षित होते. वाकड-हिंजवडीत रात्री अकरा वाजता पार्सल घेऊन चढावर गाडी ढकलणाऱ्या मुलाची प्रातिनिधिक संघटना कोणती?

एक सुनावणी इथेच घेऊन पाहावी. महापालिका, जिल्हा परिषद, कामगार आयुक्तालय आणि लघुउद्योजकांच्या संघटना यांनी मिळून, चिठ्ठ्या टाकून साठ-सत्तर माणसे निवडावीत: कायम, कंत्राटी, गाळेवाले, डिलिव्हरीवाले, जमिनी गेलेले शेतकरी, खाणावळ चालवणाऱ्या बाया. विषय एकच ठेवावा, सीबॅम किंवा ॲपवरचे काम. कागद मराठीत आणि हिंदीत आठवडाभर आधी द्यावेत. बुडालेल्या पाळीची मजुरी द्यावी, नाहीतर फक्त निवृत्त मंडळी येतील. निघालेले प्रश्न त्या त्या मंत्रालयाकडे पाठवून नव्वद दिवसांत लेखी उत्तर मागावे आणि ते उत्तर, आले नाही तर न आल्याची नोंद, वर्तमानपत्रात छापावी. दिवस गुरुवारचा धरावा. भोसरी-चिंचवडच्या एमआयडीसीत साप्ताहिक सुट्टी गुरुवारची असते. चाकणच्या ज्या कंपन्यांना रविवारची सुट्टी आहे, त्यांच्या माणसांसाठी दुसरी बैठक रविवारी, आणि तीही चाकणलाच घ्यावी. तळेगाव चौकातली कोंडी ओलांडून पिंपरीला यायला सांगितले, तर सभा संपेपर्यंत कुणी पोचणार नाही.